भाऊ जपानमध्ये आहे, भूकंपाच्या बातम्या लागल्या की घरच्यांना कसं सांभाळायचं?

कृष्णाकाठ | ४ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कानाझावाला असतो, पीएचडी करतोय. सोमवारी १ तारखेला दुपारी आम्ही जेवायला बसलेलो आणि काकांचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, जपानमध्ये ७.६ चा भूकंप, त्सुनामीचा इशारा, आपला पोरगा ठीक आहे ना? झालं. ताटं तशीच राहिली. मी फोन लावतेय, लागत नाही, व्हॉट्सअॅपवर एकच टिक, वहिनी (काकांची सून) दुसऱ्या फोनवरून लावतेय, आणि तेवढ्यात बाबांनी टीव्ही लावला.

टीव्हीवर काय, तर २०११ ची लाट. तीच ती काळ्या पाण्यात गाड्या वाहत चाललेली, खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'संग्रहित', ते आईला कुठून दिसणार. वर ते ढणढण म्युझिक. आईने उठून खरोखरचे देव पाण्यात घातले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "मी ठीक, बाहेर आहे, बॅटरी कमी, नंतर बोलतो." आणि त्यानंतर गडी गायब ते संध्याकाळपर्यंत! नंतर कळलं की जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं होतं, तिथे तो दुसऱ्या एका मुलाला भाषांतर करून देत बसला होता. इकडे मधल्या वेळात आमच्याकडे नातेवाईकांचे इतके फोन आले की त्याचा फोन आला असता तर लागलाच नसता.

बाबांचं वेगळंच आहे. आमचं मूळ गाव पाटणच्या वर, कोयनेच्या बाजूला. डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला तेव्हा बाबा नऊ-दहा वर्षांचे होते. पहाटे आजोबांनी त्यांना अंथरुणासकट उचलून बाहेर काढलं आणि मग थंडीत कित्येक रात्री सगळं गाव बाहेर झोपायचं. अजूनही 'कोयना परिसरात सौम्य धक्का' अशी दोन ओळींची बातमी पेपरात आली की बाबा ती मोठ्याने वाचतात. त्यामुळे आईसारखं ते रडत नाहीत, पण सोमवारपासून टीव्हीसमोरून हललेले नाहीत. रात्री दोनला उठून बघतात. त्यात २ तारखेला टोकियोच्या हानेदा विमानतळावर ते विमान पेटलं, मग तर आईचं पक्कं झालं की त्याला आता परत बोलवायचं. त्याला विमानात बसवूनच परत आणावं लागेल हे तिला कोण सांगणार.

तर विचारायचं असं की ज्यांचे कोणी असे लांब आहेत, तुम्ही काय करता? नेमकी खरी माहिती कुठे बघायची? किती वेळा फोन करायचा? मी दर दोन तासांनी विचारतेय तर तो आता वैतागलाय. आणि अजून आठवडाभर मोठे धक्के येऊ शकतात असं तिकडच्या हवामान खात्यानेच सांगितलंय म्हणे, मग हा आठवडा काढायचा कसा?

---

टोकियोतला_पेठकर

ताई, सगळ्यात आधी, भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. मी निशिकासाईला राहतो, इथे आपली खूप मंडळी आहेत, आणि सोमवारी आम्ही सगळे नवीन वर्षाच्या सुट्टीत लोळत पडलो होतो तेव्हा इथेही हललं, पण टोकियोत ते जहाजात बसल्यासारखं संथ डुलणं होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी मला पुण्याहून एकूण एक नातेवाइकाचा फोन आला. जिथे भूकंप झाला ते नोतो कुठे आणि टोकियो कुठे हे कुणी बघत नाही, जपान म्हणजे जपान.

आता कामाचं. बाबांना एक गोष्ट समजावून सांगा, त्यांना कळेल कारण त्यांनी भूकंप बघितलाय. ७.६ हा आकडा भूकंपाचा आहे, तुमच्या भावाच्या घराचा नाही. इथे जपानी माणूस मॅग्निट्यूड विचारतच नाही, तो विचारतो शिंदो किती. शिंदो म्हणजे त्या त्या ठिकाणी जमीन किती हलली. ० पासून ७ पर्यंत असतो, त्यात ५ आणि ६ चे दोन-दोन भाग, खालचा आणि वरचा. सोमवारी नोतोतल्या शिका गावात ७ लागला, सुझूमध्ये वरचा ६, आणि कानाझावात वरचा ५. वरच्या ५ ला माणूस काहीतरी धरल्याशिवाय नीट चालू शकत नाही, कपाटातली भांडी-पुस्तकं पडतात, न बांधलेलं फर्निचर आडवं होऊ शकतं. घाबरगुंडी उडतेच. पण १९८१ नंतरच्या नियमांनी बांधलेल्या इमारतीला त्याने साधारण काही होत नाही. नोतोमध्ये जी घरं बसली ती बरीचशी जुनी लाकडी, डोक्यावर जड कौलांचं छप्पर असलेली. आणि राहणारे बहुतेक म्हातारे, नवं घर बांधणार कोण.

पुढच्या वेळी बातमी आली की मॅग्निट्यूड सोडा आणि कानाझावाचा शिंदो शोधा. एनएचके वर्ल्ड हे जपानचं सार्वजनिक चॅनल इंग्लिशमध्ये आहे, मोबाइलवर फुकट दिसतं, भूकंपानंतर लगेच नकाशावर आकडे येतात. आपल्याकडची चॅनल लावूच नका. सोमवारी एनएचकेची निवेदिका अक्षरशः ओरडून सांगत होती, आत्ताच्या आत्ता पळा, २०११ आठवा, मागे फिरू नका. एरवी या बायका किती शांत बोलतात ते माहीत असल्यामुळे माझ्या अंगावर काटा आला. २०११ नंतर पहिल्यांदाच त्सुनामीचा सगळ्यात वरचा इशारा दिला होता, तो रात्री खाली आणला.

२०११ ला मी इथेच होतो. ११ मार्च, शुक्रवार, दुपारी २:४६, म्हणजे भारतात सव्वाअकरा. ऑफिसातून खाली आलो, ट्रेन सगळ्या बंद, लाखो माणसं चालत घरी निघालेली, मीही त्यात. फोन लागत नव्हता, आणि नेटवर्क पडलं म्हणून लागत नव्हता असं नाही, कंपन्यांनी स्वतःच व्हॉइस कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत अडवले होते, कारण सगळे एकदम फोन करायला लागले तर अॅम्ब्युलन्सचे फोनसुद्धा अडकतात. डेटा मात्र बऱ्यापैकी चालू होता. ईमेल जात होते. माझ्या आईला ईमेल येत नव्हता, शेजारच्या मुलाने वाचून दाखवला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, मोठं काही झालं की फोन करायचा नाही, मेसेज टाकायचा आणि वाट बघायची. एक टिक असली तरी राहू दे. नेटवर्क आलं की जातो.

भावाला दोन गोष्टी विचारा, त्याला माहीत असतील पण विचारा. एक म्हणजे १७१. संकटाच्या वेळी तो नंबर लावून आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो, आणि ज्याला आपला फोन नंबर माहीत आहे तो ऐकू शकतो. त्याचंच वेब१७१ म्हणून इंटरनेटवरचं रूप आहे, ते भारतातूनही उघडता येतं, इंग्लिशमध्ये आहे. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला प्रॅक्टिससाठी चालू असतं, एकदा तुम्ही आणि त्याने करून बघा. दुसरं, मोठ्या आपत्तीत मोबाइल कंपन्या फुकट वायफाय सोडतात, नावात पाच शून्य आणि पुढे जपान, पासवर्ड लागत नाही. आत्ता नोतोमध्ये तेच चालू केलंय. त्यावर बँकेची कामं करू नको म्हणावं, पण 'मी ठीक' पाठवायला उत्तम.

हानेदाबद्दल, त्या जपान एअरलाइन्सच्या विमानातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले हे आईंना सांगा. गेले ते कोस्टगार्डच्या विमानातले पाच जण, ते विमान भूकंपग्रस्तांसाठीच सामान घेऊन निघालं होतं. आमच्या ऑफिसात त्याबद्दल अजून कुणी मोठ्याने बोलत नाही.

---

फटकळ

टीव्हीची केबल काढा. विषय संपला.

---

कृष्णाकाठ

@फटकळ काढून बघा तुम्ही आमच्या बाबांसमोर 😄

@टोकियोतला_पेठकर दादा खूप खूप धन्यवाद, शिंदोचं तर माहीतच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मग आमच्या कोयनेला किती होता शिंदो?" आता मी काय सांगू. अजून एक, तिथे शिका नावाच्या गावात अणुभट्टी आहे असं काकांनी ग्रुपवर टाकलंय, ते काय आहे?

---

टोकियोतला_पेठकर

आहे, शिकामध्ये दोन रिअॅक्टर आहेत पण दोन्ही २०११ पासून बंदच आहेत. ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळलं, रेडिएशन बाहेर आलेलं नाही. काकांना म्हणावं फुकुशिमात रिअॅक्टर चालू होते तेव्हा भूकंप झाला होता आणि नंतर त्सुनामीने जनरेटर बुडवले. दोन्ही एका ओळीत लिहू नका.

आणि ताई, ट्विटरवरचे 'मी ढिगाऱ्याखाली आहे, वाचवा' असे मेसेज पुढे पाठवू नका. त्यातले कित्येक खोटे निघाले, पत्तासुद्धा खोटा, लोक व्ह्यूज मिळवायला टाकतात. खुद्द पंतप्रधान किशिदांना सांगावं लागलं की खोट्या बातम्या पसरवू नका.

---

लातूरकर

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. ज्याच्या पायाखालची जमीन एकदा हललीय त्याला शिंदो-बिंदो सांगून झोप येत नसते, मी अनुभवाने सांगतो. आम्ही औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव उशिरा झोपलेलं, आणि पहाटे ३:५६ ला ते झालं. किल्लारी, सास्तूर, ती सगळी गावं. भूकंप होता ६.२ च्या आसपासचा. तुमच्या जपानच्या भूकंपात ढोबळमानाने त्याच्या शंभरपट ताकद होती, आणि आमच्याकडे जवळपास दहा हजार माणसं गेली. कारण काय, माळवदाची घरं. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचा थर, दर पावसाळ्याआधी अजून एक थर चढवायचा. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून सगळ्यांना कौतुक. तेच अंगावर आलं. माझ्या आजीला बाहेर काढलं तेव्हा तिच्या तोंडात माती होती आणि ती म्हशीचं विचारत होती.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. माझे वडील तेव्हा मस्कतला होते. म्हणजे तुमच्या घरी आत्ता जे चाललंय ते आमच्याकडे उलट्या बाजूने झालं होतं, भूकंप आमच्याकडे आणि जीव टांगणीला लागलेला माणूस परदेशात. त्यांना बातमी कळली रेडिओवर, तीही 'लातूर' एवढंच. गावात फोन नव्हता, लातूरच्या दुकानदाराकडे होता तो लागेना. शेवटी सोलापूरच्या मामांनी काही दिवसांनी तार केली, 'ऑल सेफ'. एवढीच. वडील सांगायचे की ती तार हातात आल्यावर त्यांना अजूनच झोप येईना, कारण ऑल म्हणजे कोण? आई? दोन्ही पोरं? चुलत्याचं घर धरलंय का नाही? मामाने शब्दाचे पैसे वाचवले असं ते मरेपर्यंत म्हणत होते. (चुलत्याचं घर धरलेलं नव्हतं. तिकडची एक मुलगी गेली होती.)

म्हणून भावाला एक सांगा, 'मी ठीक' हे पुरत नाही. कुठे आहे, सोबत कोण आहे, लागलंय का, खायला-प्यायला आहे का, पुढचा मेसेज साधारण कधी करेन, एवढं एकदाच लिहायचं. पाच ओळी लागतात. 'पुढचा मेसेज रात्री नऊला' असं लिहिलं की घरचा माणूस नऊपर्यंत तरी गप बसतो. 'नंतर बोलतो' असं लिहिलं की नंतर म्हणजे दर मिनिटाला.

---

ह्यूस्टनची_मावशी

लातूरकर, वाचून गलबललं हो.

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे जिला फोन येतात ती, त्यामुळे जरा तिखट वाटलं तर सोडून द्या. २०१७ ला आमच्याकडे हार्वी चक्रीवादळ आलं. २५ ऑगस्टला रात्री किनाऱ्याला रॉकपोर्टला धडकलं, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी! घरी गणपती बसलेला, मोदक झालेले, बाहेर आभाळ फाटलेलं. दीड दिवसाचं विसर्जन बादलीत केलं बाई, बाहेर रस्त्यात एवढं पाणी आणि आम्ही गणपतीला बादलीत घालतोय, हसावं की रडावं. नंतर ते वादळ पुढे जाईचना, ह्यूस्टनवर मुक्कामच ठोकला, नुसता पाऊस. आम्ही केटीला. आमच्याकडे खरं पाणी आलं ते पाऊस कमी झाल्यावर, बार्कर धरणाचं पाणी मागे फुगून वस्त्यांत शिरलं. म्हणजे टीव्हीवर 'वादळ ओसरलं' असं आलं तेव्हा नातेवाईक निर्धास्त झाले आणि आम्ही तेव्हा गाद्या वरच्या मजल्यावर चढवत होतो. याला काय म्हणायचं!

आता फोनचं. तुमची सकाळ म्हणजे आमची मध्यरात्र. वीज नाही, फोन गाडीत बसून चार्ज करायचा, तेही गाडी गॅरेजबाहेर काढून कारण गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली की माणूस मरू शकतो. अशा वेळी सासूबाई, जाऊबाई, ठाण्याची नणंद, नवऱ्याचा शाळेतला मित्र, प्रत्येकाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची. आणि प्रत्येकजण वर सल्ला देणार, 'गच्चीवर जा'. कसली गच्ची? इथे उतरती छपरं! मग माझ्या धाकट्या दिराने एक शहाणपणा केला, त्याने जाहीर करून टाकलं की वहिनीला फक्त मी मेसेज करणार, ज्याला विचारायचं त्याने मला विचारा. त्याने सगळ्यांना परस्पर थोपवलं. अगदी देवमाणूस. तुमच्या घरी ते काम तुम्हीच घ्या, आई-बाबा-काका कुणीही परस्पर त्याला फोन करायचा नाही. फेसबुकवर 'मार्क सेफ' असतं ते त्याला एकदा करायला सांगा, लांबचे त्यात खूश होतात.

दर दोन तासांनी विचारणं बंद करा. त्याला त्या वेळी झोपेची गरज जास्त असते. रात्रभर आफ्टरशॉकमुळे फोन ठणाणा वाजतो म्हणतात ना तिकडे.

(तुम्हाला सांगते, मीही काही कमी नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मी इथून कालिन्याला आईला रात्रभर फोन लावत होते, फोन मेलेलाच होता, तरी लावत होते. नवरा म्हणाला रिंगसुद्धा जात नाहीये, कशाला लावतेस. म्हटलं मला बरं वाटतं.)

---

फटकळ

'मला बरं वाटतं' हेच सगळं आहे. फोन आपल्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नसतो.

---

ह्यूस्टनची_मावशी

@फटकळ असू दे की मग. आईलाही बरं वाटायला नको का?

---

नाशिकची_आई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण यावर राहवलं नाही. माझी मुलगी ऑकलंडला आहे. २०११ च्या फेब्रुवारीत ख्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली, तेव्हा ती नवीन नवीन गेलेली. आमच्या कॉलनीतल्या बायका सांत्वनाला यायच्या बाकी होत्या! ऑकलंड वरच्या बेटावर, ख्राइस्टचर्च खालच्या, मध्ये समुद्र, मुंबई-नागपूर एवढं अंतर. पण तेव्हा मलाही कुठे माहीत होतं. मुलीने मला नकाशा काढून ठेवायला लावला. शाळेतल्या मुलांचा असतो तसा कागदी नकाशा आणला, तिचं घर, तिचं ऑफिस, तिच्या मैत्रिणीचं घर, समुद्र किती लांब, उंच जागा कुठली, सगळं पेनाने खुणा करून घेतलं. कपाटाच्या दाराला आतून लावलाय. बातमी आली की दार उघडून बघते.

तुमच्या आईला काम द्या. नुसतं 'काळजी करू नकोस' म्हणून काही होत नाही, मला तर कुणी असं म्हटलं की राग येतो. मेसेज आला की वहीत वेळ लिहून ठेवायची, कुणाकुणाला कळवायचं त्यांना कळवायचं, हे काम आईंना द्या. माझ्या यजमानांनी मला हेच काम दिलं होतं, आणि मला तेव्हा कळलंही नव्हतं की मला गुंतवून ठेवलंय.

परत बोलवण्याबद्दल मी काही बोलणार नाही. मीही बोलावलं होतं. ती आली नाही. आता तिला तिथे घर आहे, दोन मुलं आहेत, आणि त्यांच्या शाळेत भूकंप झाला की टेबलाखाली कासवासारखं बसायला शिकवतात, नातवाने मला व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं आणि मलाही करायला लावलं. गुडघे धरलेत तेव्हापासून.

---

लातूरकर

😄 आजी, टेबलाखालून बाहेर कोणी काढलं?

---

नाशिकची_आई

यजमानांनी. हसत हसत.

---

कृष्णाकाठ | ७ जानेवारी

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, घरी पाहुणे होते, तेही भावाची चौकशी करायलाच आलेले.

मावशी, तुम्ही म्हणालात तसं केलं. ग्रुपवर टाकलं की त्याच्याशी फक्त मी बोलणार. काका दोन दिवस रुसले, आता ठीक आहेत. भावाला लातूरकर दादांचं सांगितलं, तर आता तो रोज रात्री आपल्याकडचे आठ वाजता पाच ओळी पाठवतो आणि आई त्या वहीत उतरवते. भूकंपाच्या शेजारीच दुधाचा हिशोब आहे त्या वहीत, पण चालतंय. परत बोलवायचं म्हणणं अजून आहेच, फक्त आता 'लगेच' वरून 'मे महिन्यात' वर आलंय.

तो म्हणतोय की त्याच्या लॅबमधली मुलं नोतोला मदतीला जायला निघाली होती, पण तिकडच्या सरकारनेच सांगितलं की सध्या येऊ नका, रस्ते तुटलेत, एकच रस्ता आहे तोही जाम होतो आणि मदतीच्या गाड्या अडकतात. मग त्यांनी पैसे गोळा करून दिले. बाबांना हे फार पटलं. म्हणाले कोयनेला बघे इतके यायचे की मदतीचे ट्रक लांब उभे राहायचे. हे बाबांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं. आणि काल तर चक्क व्हिडिओ कॉलवर भावाला म्हणाले, खोली दाखव. सगळी खोली फिरवून बघितली. त्याच्या पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांचं उंच कपाट आहे, ते सोमवारी पुढे सरकलं होतं, त्याने परत मागे ढकलून ठेवलंय फक्त. बाबांचा आवाज एकदम चढला, "आधी पलंग फिरव, मग बोल माझ्याशी." फोन चालू ठेवून त्याच्याकडून पलंग फिरवून घेतला. एवढं बोलणं त्यांचं दोघांचं गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, एरवी 'जेवलास का' आणि 'हं'.

पेठकर दादा, बाबा विचारतायत की कपाट भिंतीला बांधायला तिकडे काय मिळतं? घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणे.

---

टोकियोतला_पेठकर

कपाटाच्या डोक्यावर आणि छताच्या मध्ये ताणून बसवायचे दांडे मिळतात, त्सुप्पारी-बो म्हणायचं, कुठल्याही होम सेंटरमध्ये. भोक लागत नाही. दोन घ्यायचे, कपाटाच्या दोन्ही टोकांना आणि भिंतीच्या बाजूला मागे सरकवून बसवायचे, पुढे बसवले तर उपयोग नाही. आणि छत हाताने ठोकून बघायचं, पोकळ वाटलं तर वर एक जाड फळी द्यायची आणि मग दांडा. खाली कपाटाच्या पुढच्या पायाखाली पाचर मिळते, ती पण घ्यायला सांगा, म्हणजे कपाट किंचित भिंतीकडे झुकतं. जड पुस्तकं खालच्या कप्प्यात. आत्ता तिकडे इशिकावा प्रांतात हे सगळं पटापट संपत असेल, मिळालं नाही तर मला कळवा, इथून पाठवतो.

---

कृष्णाकाठ

बाबा म्हणतायत फळी किती जाडीची?